ठकूबाईची नजर आणि बदकांचे पाय

महाराजांची जीप आली तेव्हा वाडीच्या देवळापुढे बसायला जागा उरली नव्हती. तळेघरच्या डोंगरात, आमच्या वाडीपर्यंत जीप चढणं हा त्या काळी अर्धा चमत्कार होता. उरलेला अर्धा बायडाबाईच्या बांबूच्या डालग्यात होता. बदकाची पिल्लं होती ती. पाय होते, पण पायांवर उभं राहता येत नव्हतं. उठायला गेली की पाय बाहेरच्या बाजूला वळत आणि पिल्लं पोटावर बसत.

महाराज पाटावर बसले. ते मूळचे जवळच्याच आणे पठारावरचे, पण पाटावर बसले की हिंदी बोलत. टीव्हीवरचे सगळे देव हिंदी बोलत असल्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं.

"बहन, हमारा तीर्थ पिलाया तो बच्चे चले थे?"

"व्हय महाराज. लई तुरुतुरु चालली. तीर्थ संपलं आन् पुन्ना बसली."

"तीर्थ नजर उतारता है. नजर फिर चढ़ती है." महाराजांनी पुडीतला अंगारा चिमटीत घेतला, मंत्र पुटपुटला आणि तांब्यात टाकला. पाणी पिवळंधमक झालं.

"आऽऽ!" लोक म्हणाले.

"हल्दी नहीं, केसर नहीं. मंत्र का रंग है!"

"आमच्या वढ्याचं पाणी बी पावसात असंच पिवळं व्हतं, राव," बायडाबाईचा नवरा भागू मागून बोलला.

"तुमी गप बसा वो," बायडाबाई म्हणाली.

महाराजांनी डोळे मिटले. ज्या डोळ्यांनी ही नजर लावली, ते या वाडीत आहेत, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या खेपेला ते नाव घेणार होते. मग वाडीने त्या घराला वाडीबाहेरची वाट दाखवायची. नाव ऐकायला थांबण्याची कुणाला गरज नव्हती. सगळ्यांच्या माना वाडीच्या टोकाकडे वळल्या होत्या. तिथे ठकूबाई राहायची.

ठकूबाई एकटी, म्हातारी. श्रावणाच्या आधी एकदा ती बायडाबाईच्या दारावरून जात होती. भाताच्या खाचरातून पिल्लांची रांग येत होती. ती थांबून म्हणाली, "काय ग्वाड पिल्लं हायेत गं!" दुसऱ्या दिवशी एक पिल्लू मुंगसाने नेलं. बायडाबाईने उरलेली पिल्लं डालग्याखाली झाकली, म्हणजे म्हातारीच्या दृष्टीस पडायला नकोत. पुढच्या काही दिवसांत एकेक पिल्लू बसायला लागलं. शेजारणींनीही आपापली पिल्लं झाकली. तीही बसली.

तेव्हापासून ठकूबाईला वरच्या झऱ्यावर पाणी भरायला मनाई झाली. ती खालच्या ओढ्यावरून निसरड्या दगडांतून हंडा आणू लागली. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्याने अंधुक दिसायचं. मी भेटायला गेलो तेव्हा ती बोचकं बांधत होती.

"कुठं निघालीस, मावशी?"

"नारायणगावला, भाचीकडं. तिची खोली एवढीशी, त्यात टमाट्याचे क्रेट. कुटं निजू म्या? पन हितं हाकलून देन्यापरीस आपन जावं." मग तिने मान वर केली. "खरं सांगू गुरुजी? ती पिल्लं व्हती का चेंडू, मला दिसलं बी न्हाई. चिवचिव आईकली म्हून ग्वाड म्हनले."

मी तेव्हा वाडीच्या शाळेत शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात बायडाबाईची मुलगी स्नेहल हात वर करून उभी राहिली.

"गुरुजी, तीर्थाला माज्या गोळीचा वास येतो."

"कुठली गोळी?"

"माजं तोंड आलं व्हतं ना, तवा डाक्टरांनी दिलेली. ती खाल्ली की लगवी पन पिवळी व्हते."

वर्ग हसला. मी हसलो नाही.

"म्हणजे तीर्थात ती गोळी असते, असं तुझं म्हणणं?"

स्नेहलने विचार केला. "तसं न्हाई म्हनत. वास येतो, एवडंच म्हन्ते."

एवढ्या सुंदर उत्तराभोवती मला फळ्यावर चौकट आखावीशी वाटली. जेवढं कळलं तेवढंच ती बोलली होती. मी मुलांना म्हटलं, "आता दुसरी गोष्ट सांगा. बदकीला अंडी उबवायचा कंटाळा. म्हणून तुमच्या आया बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवतात. आठवडाभराने तिचीही अंडी ठेवतात. सगळी पिल्लं बरोबरच निघतात. एकच आई, एकच डालगं, तांदळाची एकच कणी. मग कोंबडीची पिल्लं पळतात आणि बदकाची का बसतात?"

"नजर फकस्त बदकांना लागली," एक मुलगा म्हणाला.

"ठकूआजीला मानूस वळकू येत न्हाई," स्नेहल म्हणाली. "बदक आन् कोंबडी कशी वळकू येतील?"

मी घोडेगावला जाऊन गुरांच्या डॉक्टरांना त्या गोळीबद्दल विचारलं. त्यांनी पाय वळतात कसे, एवढंच विचारलं आणि गोळी किती द्यायची ते सांगितलं. पण वाडीला डॉक्टरांचं सांगणं पुरणार नव्हतं. तिला दिसायला हवं होतं.

बायडाबाई पिल्लं द्यायला तयार होईना. भागू म्हणाला, "दे की. आपल्याकडं काय, बसूनच हायेत." मग तिने बसलेली पिल्लं शाळेला दिली.

शाळेमागे आम्ही तीन डालगी मांडली. पहिल्या डालग्यातल्या पिल्लांना कणी, साधं पाणी आणि महाराजांचा मंत्र. मंत्र स्नेहलने ऐकून ऐकून पाठ केला होता, आणि सकाळी पाढे म्हणावेत तसा सगळा वर्ग तो म्हणायचा. दुसऱ्या डालग्याला तीच कणी, पाण्यात ती पिवळी गोळी विरघळवलेली, मंत्र नाही. तिसऱ्या डालग्याला गोळीही नाही आणि मंत्रही नाही. ती पिल्लं मुलं उचलून भाताच्या खाचराच्या कडेला, पाण्यात ठेवायची. आणि त्यांच्यासमोर ठकूबाईला बसवायची.

"म्या काय करू?" ठकूबाई घाबरली होती.

"बघायचं, आजी," मुलं म्हणाली.

"दिसत न्हाई रं मला."

"तरी बघा. आन् ग्वाड म्हना."

ती रोज खाचराच्या बांधावर बसून डोळे ताणून बघायची आणि न चुकता ग्वाड म्हणायची. मुंगूस येऊ नये म्हणून मुलं आळीपाळीने राखण करायची. पिल्लं आधी पाण्यावर नुसती तरंगत. तरंगता तरंगता चोच बुडवून चिखलातले किडे, अळ्या, बारक्या गोगलगायी गिळत.

आठवडा सरता सरता गोळीची पिल्लं उभी राहिली. नजरेची पिल्लं लटपटत का होईना, बांध चढू लागली. मंत्राची पिल्लं बसूनच होती. मुलांना त्यांची दया आली, पण महाराज यायचे होते. आणखी दोन दिवस मंत्र म्हणावा लागला.

महाराज आले तेव्हा देवळापुढे पुन्हा तीच गर्दी होती. ठकूबाईला कुणीतरी आणून कडेला उभं केलं होतं. तिच्या काखेत बोचकं होतं. महाराजांनी नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुलांनी तिन्ही डालगी पुढे आणून उघडली. स्नेहलने उभं राहून, कवितेसारखं न अडखळता, कुठल्या पिल्लांना काय दिलं ते सांगितलं.

"ये तो बच्चों का खेल है," महाराज म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "म्हणूनच कुणालाही खेळून बघता येईल."

भागूने एक तांब्या भरून पाटापुढे ठेवला. "महाराज, अंगारा ऱ्हाऊ द्या. मंत्राचा रंग हाय म्हनला व्हता. नुसता मंत्र टाका आन् पिवळं करून दावा."

महाराजांनी मंत्र म्हटला. मग जोरात म्हटला. पाणी होतं तसंच राहिलं.

"उलट सोच्छ झालं की, राव!" भागू म्हणाला.

स्नेहलने गोळीचा चुरा दुसऱ्या तांब्यात टाकला. पाणी पिवळंधमक झालं. सवयीने लोकांच्या तोंडून "आऽऽ" निघालं. बायडाबाईने आधी महाराजांच्या पुडीचा वास घेतला, मग तांब्याचा. पुन्हा पुडीचा घेतला.

"एकच हाय," ती म्हणाली.

महाराजांची हिंदी तिथेच संपली. "गुरुजी, म्या पोल्ट्रीवर कामाला व्हतो. पिल्लांचे पाय गेले की तिथं ह्येच देत्यात."

"आं! तुमाला मराठी येती व्हय!" भागू म्हणाला.

"औषध होतं, तर औषध म्हणून का नाही दिलंत?" मी विचारलं.

"औषधाला लोक किंमत पाडून मागत्यात. अंगाऱ्याला कोन मागत न्हाई."

"आणि ठकूबाई?"

ते पाटाकडे बघत राहिले. "तीर्थ थांबलं की दुखनं फिरून येनारच व्हतं. का येतं, म्हून लोक इचारनार. कुनाचं तरी नाव सांगावंच लागतं."



मग मी सगळ्यांना समजावलं. बदकाचं पिल्लू झपाट्याने वाढतं. पायात बळ यायला त्याला नायसिन नावाचं, ब गटातलं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जवळजवळ दुप्पट लागतं. त्या पिवळ्या गोळीत ते असतं; कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळाच्या कणीत मात्र फार थोडं असतं. कोंबडीच्या पिल्लाचं त्यात भागतं, बदकाचं भागत नाही. खाचरात फिरणारं पिल्लू ते किड्यांतून, अळ्यांतून मिळवतं. डालग्याखाली झाकलं की त्याला कणीशिवाय काहीच मिळत नाही.

बायडाबाईने मंत्राच्या पिल्लांचं डालगं जवळ ओढलं. "म्हंजी नजर लागंल म्हून मी झाकली, आन् झाकली म्हून..."

"हो," मी म्हटलं.

महाराज जीपकडे निघाले, त्यांना कुणी अडवलं नाही. मुलांनी मंत्राच्या पिल्लांना लगेच गोळीचं पाणी पाजलं. दोन पिल्लांचे पाय इतके वळले होते की ती पुढेही लंगडतच चालली.

बायडाबाई ठकूबाईजवळ गेली. "मावशी, चुकलं माजं."

"तुज्या एकटीचं न्हाई चुकलं," ठकूबाई म्हणाली. बोचकं तिने खाली ठेवलं नव्हतं. "समदी वाडी व्हती. माफी हितं मागू नगं. उद्या बाया पान्याला जात्याल तवा माजा हात धरून वर झऱ्यावर चल. समद्यांच्या म्होरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी वर चढल्या. बायडाबाईच्या डोक्यावर दोन हंडे होते आणि हातात ठकूबाईचा हात. झऱ्यावरच्या बायकांनी आपापल्या कळश्या बाजूला सरकवून जागा केली. ठकूबाई आधी पोटभर पाणी प्यायली आणि मग तिने हंडा भरला.

मुलांनो, तुमच्याकडे बदकाची पिल्लं असतील तर त्यांच्या कणीत भाताचा कोंडा घाला, बाजारातली सुकट कुटून घाला, चोच बुडेल एवढं पाणी ठेवा. गोळी द्यायची झाली तर किती द्यायची ते गुरांच्या डॉक्टरांना विचारा. आणि पिल्लं बसली म्हणून कुणी एखाद्या म्हातारीचं नाव घेतलं, तर न भांडता, न घाबरता त्याला एकच विचारा: तुम्ही हे तपासून पाहिलंत का? कसं पाहिलंत? उत्तर यायला वेळ लागेल. तोवर पिल्लांना खाचरात सोडा.