टेसाने पाहिलेली मॅच

"अंगठा राहू दे," योरिस म्हणाला. "अंगठा शाबूत आहे."

"तो एकटाच," असं म्हणत विन्स्टनने अंगठ्यालाही पट्टी गुंडाळली.

दोघांचं बोलणं इंग्रजीत चाले. एकाचं इंग्रजी हॉलंडमधल्या झ्वोलचं, दुसऱ्याचं वसईचं. पण तीन वर्षांत कुणाचं कधी अडलं नव्हतं. मसाजच्या टेबलावर पाय सोडून बसलेला योरिस दरवाजाएवढा होता. पट्ट्या बांधून घेताना मात्र तो दोन्ही हात पुढे करून अगदी शहाण्या मुलासारखा बसे.

विन्स्टन तुस्कानो दुबईजवळच्या अजमानच्या या फुटबॉल क्लबात मसाजवाला होता. मॅचच्या आधी गोलकीपरच्या बोटांना पट्ट्या बांधायचं कामही त्याचंच, त्यामुळे योरिसची सगळी कारकीर्द त्याला बोटांवरूनच ठाऊक झाली होती. डावी करंगळी झ्वोलला मोडली, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, गोठलेल्या मैदानावर. तिच्या शेजारचं बोट बेल्जियममध्ये. उजव्या हाताचं मधलं बोट सायप्रसला, गोलच्या खांबावर आपटून. ते आता सरळ होतच नाही. मधल्या कितीतरी वर्षांत मात्र एकही बोट मोडलं नव्हतं. ती वर्षं हा गृहस्थ हॉलंडमधल्या एका मोठ्या क्लबात दुसरा गोलकीपर होता. बाकीच्या खेळाडूंचं बरं असतं, कुणी दमलं की बदली जाता येतं. गोलकीपर मैदानात एकच. दुसऱ्याने बाकावर बसायचं, पहिल्याचा पाय मुरगळायची वाट बघायची, आणि असं मनात आलं म्हणून स्वतःचीच लाज वाटून घ्यायची. योरिसची ऐन उमेदीची वर्षं अशी बाकावर गेली होती.

अजमानला तो पहिला गोलकीपर झाला, तेव्हा केस कानांवर पांढरे व्हायला लागले होते. दोन सीझन त्याने गोल नुसता राखला नाही, गाजवला. आणि या जानेवारीत क्लबाने ब्राझीलहून एक स्ट्रायकर आणला. परदेशी खेळाडूंच्या जागा ठरलेल्या. नवा आला म्हणजे कुणाचं तरी नाव कमी होणार. योरिसचं झालं. रोज सरावाला यायचं, घाम गाळायचा, मॅचच्या दिवशी घरी बसायचं. ही त्याची शेवटचीच वर्षं होती. पुढे त्याला कोण घेणार?

हे सगळं खरं, तर मग आज पट्ट्या कशाला? आज टेसा आली होती.

टेसा म्हणजे योरिसची मुलगी, अकरा वर्षांची. ती आईजवळ झ्वोलला राहायची. तिला कळायला लागलं तेव्हा बाप बाकावर होता, पुढे आईबापांचं फाटलं, आणि बाप खेळायला लागला तो सायप्रसला. बापाला खऱ्या मैदानावर हातमोजे घातलेलं तिने एकदाही पाहिलं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत ती सीझनची शेवटची मॅच बघायला आली होती, आणि आपलं नाव कापलंय हे योरिसने तिला सांगितलंच नव्हतं. फोनवर दर वेळी तो सांगणार होता. दर वेळी ती आधी बोलायची, "मी जर्सी घालूनच येणार."

"वॉर्मअप तरी," योरिस आठवडाभर म्हणत होता. "खलफानला दहा मिनिटं सराव द्यायचा. तेवढं तिने बघितलं तरी पुरे."

खलफान म्हणजे त्याच्या जागी आलेला इथलाच तरुण गोलकीपर. तो एका पायावर तयार होता. पण मॅचच्या दिवशी यादीत नाव असेल त्यानेच गवतावर पाय ठेवायचा, असा नियम. तेव्हा विन्स्टनने टीम मॅनेजर धनंजय सरांना गाठलं. सर सांगलीचे.

"हे बघ विन्स्टन," सर मोबाईलवरून नजर न उचलता म्हणाले, "जाऊ दे त्याला, माझा इश्यू नाही. पण ऑफिशियली मला काही माहीत नाही. काय?"

"पण सर, फोटोच्या कार्डाशिवाय मैदानात सोडणार नाहीत."

"ते तू बघ ना. मला कशाला सांगतोस?"

विन्स्टनने बघितलं. त्याने आपलंच कार्ड योरिसच्या गळ्यात घातलं. कार्डावर सावळा, मिशीवाला, टक्कल पडू लागलेला विन्स्टन. गळ्यात घालणारा पिवळ्या केसांचा डच. पण अख्ख्या सीझनमध्ये ते कार्ड कुणी एकदाही पाहिलं नव्हतं, दोरीला पीळ पडून ते कायम उलटंच लटकायचं. आजही कोण बघतंय, असं दोघांना वाटलं. सकाळी अल नहदाच्या घरातून निघताना बायकोने, लिलीने, बजावलं होतं, "हिरोगिरी नको हां विन्स्टन. जूनमध्ये व्हिसा रिन्यू आहे, आपल्या ट्रॉयची दहावी आहे. त्याला तर काय, उद्या प्लेन पकडेल नि जाईल. आपण कुठे जायचं?" विन्स्टनने मान डोलावली होती. तिचं खरं आहे हे त्याला पूर्ण पटलं होतं, आणि तरीही त्याने कार्ड दिलं.

सूर्य कलला होता तरी मैदान भट्टीसारखं तापलं होतं. योरिस बोगद्यातून बाहेर आला. स्टँडमध्ये टेसा उठून उभी राहिली. ढगळ जर्सी गुडघ्यापर्यंत आलेली. तिने दोन्ही हात वर केले. योरिस गोलच्या तोंडाशी गेला, गुडघे वाकवून उभा राहिला आणि खलफानने मारलेला पहिला बॉल त्याने छातीशी घेतला.

तेवढ्यात पांढरा पायघोळ कंदुरा घातलेले लीगचे मॅच कमिशनर संथपणे गवत ओलांडून आले. आवाज चढवला नाही, काही नाही. योरिसच्या खांद्यावर हात ठेवला, कार्ड सुलटं केलं.

"हबीबी," ते म्हणाले, "हा तू नाहीस."

"फक्त दहा मिनिटं. माझी मुलगी आलीय."

कमिशनरनी स्टँडकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "मलाही मुली आहेत," ते म्हणाले. "पण नियम मी केलेला नाही. खलास."

योरिसने हातमोजे काढले. टेसाचे हात अजून वरच होते. मग एक खाली आला, मग दुसरा. विन्स्टन बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून बघत होता. पण करणार काय? त्याचंच कार्ड जप्त झालं होतं.

"मी म्हटलं होतं, मला काही माहीत नाही," धनंजय सर दातओठ खात विन्स्टनला म्हणाले. "आता वर जाऊन बस. उद्या ऑफिसला ये, बोलू आपण."

न्हाणीघरात योरिसने पट्ट्या सोलून टोपलीत टाकल्या, साधा शर्ट चढवला, आणि दोघं स्टँडमध्ये टेसाच्या दोन बाजूंना जाऊन बसले.

"काय झालं, पप्पा?" तिने विचारलं. विन्स्टनला कळावं म्हणून ती इंग्रजीत बोलत होती, तेवढी रीत तिला होती.

"खांदा," योरिस म्हणाला. "अचानक आखडला."

टेसाने विन्स्टनकडे पाहिलं. विन्स्टनने मान डोलावली. आयुष्यभर खांदे रगडले, पण धडधाकट खांद्याला दुखरा म्हणायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

मॅच शेवटाला आली तरी गोल नव्हता. मग उजवीकडून बॉल उंच आला. खलफान दोन पावलं पुढे धावला आणि मधेच थबकला. योरिस ताडकन उभा राहिला, तोंडातल्या तोंडात डचमध्ये काहीतरी म्हणाला. बॉल खलफानच्या डोक्यावरून अलगद आत गेला. स्टँडमध्ये हशा पिकला, कुणी शिट्ट्या मारल्या. खलफान गवतावर तोंड झाकून पडून राहिला.

टेसा विन्स्टनकडे वळली. बापाला विचारण्यात अर्थ नाही, हे तिने ठरवलेलं दिसत होतं.

"तुम्ही त्याचे मसाजवाले ना? खरं सांगा. खांदा नीट असता तर पप्पाने हा अडवला असता?"

डोळे मिटून अडवला असता. झोपेत अडवला असता. विन्स्टनच्या अगदी ओठांवर आलं. एवढं एक तरी या पोरीला बरोबर घेऊन जाऊ दे, असं त्याला वाटलं. त्याने योरिसकडे पाहिलं. योरिस अजून उभाच होता, नजर गवतावर पडलेल्या खलफानवर. आजूबाजूला लोक खिदळत होते. न वळता त्याने मान हलवली. नाही.

"नाही बेटा," विन्स्टन म्हणाला. "तो बॉल कुणालाच अडवता आला नसता."

टेसाने विचार केला.

"मग बरं झालं पप्पा खेळला नाही. नाहीतर सगळे त्यालाच हसले असते."

"हो," योरिस म्हणाला. "बरं झालं."

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "भाईसाब, बैठ जाओ ना. गोल दिखता नहीं."

योरिसला हिंदी येत नव्हती. विन्स्टनने त्याच्या शर्टाचं टोक हळूच खाली ओढलं, आणि तो बसला.