तांदळातलं नाव

अरुणाबाईंचं सगळं घोडं एका साडीपाशी अडलं होतं.

नवरा-बायको दोघं ब्रिटिश नागरिक झाली, तेव्हा रद्द झालेला आपला भारतीय पासपोर्ट अरुणाबाईंनी हिरव्या इरकलीच्या घडीत ठेवून दिला. जपायची वस्तू साडीच्या घडीत ठेवावी, चोर साड्यांना हात लावत नाही, असं त्यांची आई म्हणायची. चोराने लावलाही नाही. वॉटफर्डचं मोठं घर विकून फ्लॅटमध्ये जाताना खुद्द अरुणाबाईंनीच जुन्या साड्यांची बॅग, त्या इरकलीसकट, चॅरिटी शॉपला देऊन टाकली. कमलाकररावांचा पासपोर्ट मात्र त्यांच्या फाइलीत सुखरूप होता. फाइलीवर 'महत्त्वाचे' असं लिहिलं होतं आणि आत सगळे कागद त्यांचे एकट्याचे होते.

आता अरुणाबाईंना सांगलीला, थोरल्या बहिणीकडे, कायमचं राहायला जायचं होतं. सुलभाताई एकटी होती. मागच्या खोलीत तिने पलंगसुद्धा टाकून ठेवला होता. पण ब्रिटिश पासपोर्टवर टुरिस्ट म्हणून जायचं म्हणजे सहा महिने होत आले की बॅग भरायची. जिथे लंगडी खेळलो त्या अंगणातून दरवेळी पाहुणीसारखं निघायचं, याचा अरुणाबाईंना कंटाळा आला होता. कायम राहायचं तर परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड हवं, आणि कार्डासाठी आपण मूळच्या भारतीय असल्याचा पुरावा हवा.

ताईने ट्रंका उपसून शाळा सोडल्याचा दाखला शोधला आणि फोटो काढून पाठवला. ऑनलाइन अर्ज भरायला बसलेल्या मुलीने, ईशिताने, रीडिंग शहरातल्या आपल्या घरून लगेच फोन केला.

"आई, हा सर्टिफिकेट दुसऱ्या कुणाचा तरी आहे. कस्तुरी दत्तात्रय गाडगीळ."

"मीच ती."

"सरनेम चेंज झाला, ओके. पण फर्स्ट नेम कोणी चेंज केला?"

"बाबांनी. लग्नात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. पद्धत होती."

"आणि तू परमिशन दिली?"

अरुणाबाईंना हसू आलं, आणि मग ते टिकलं नाही. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही नाही.

लग्नाचा दाखला इंग्लंडला येताना घाईघाईत काढलेला, त्यावर फक्त अरुणा कमलाकर सोहोनी. कस्तुरी आणि अरुणा यांना जोडणारा कागद जगात कुठेच नव्हता. अर्ज घेणाऱ्या सेंटरमधल्या माणसाने सांगितलं की दोन्ही नावांची बाई एकच, असं नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणा, मग पुढे पाहू.

एवढंच ना, असं अरुणाबाईंना वाटलं. पण कमलाकररावांनी त्याचं भिजत घोंगडं करून ठेवलं. आधी त्यांचा गुडघा दुखत होता. मग अलॉटमेंटवरचे, भाजीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यातले, बटाटे काढायचे राहिले होते. मग म्हणे, सॉलिसिटर चांगला बघायला हवा. ते स्वतः सांगलीला येणार नव्हते. इथलं हॉस्पिटल, इथले मित्र, इथली माती सोडवत नव्हती. "तू जा, मी हिवाळ्यात येत जाईन," असं ते एकदा मोठ्या मनाने म्हणून बसले होते आणि आता सही करायची वेळ आली तर मनाचा मोठेपणा बटाट्यांखाली गाडून ठेवला होता.

शेवटी एका सकाळी अरुणाबाई चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवून समोर बसल्या. भांडायला त्यांच्यात त्राण नव्हतं.

"अहो, मी जायला नकोय तुम्हाला. कळतंय मला. पण थकले हो मी. सही करा."

कमलाकररावांनी चहा तसाच ठेवला आणि कोट घातला.

सॉलिसिटर तरुण बाई होती, शांत स्वभावाची. मजकूर तयार करता करता तिने विचारलं, "मिस्टर सोहोनी, कस्तुरी या नावाने तुम्ही पत्नीला किती काळ ओळखत होता?"

कमलाकररावांनी छताकडे पाहिलं. "पाहायला गेलो होतो तेव्हा. पोहे खाऊन होईपर्यंत. नंतर थेट लग्नात."

"आणि नाव बदलायचं कारण?"

"आमच्यात पद्धत होती."

"अरुणाच का?"

"आईने सुचवलं. मला बरं वाटलं."

"पत्नीची संमती होती, असं लिहू?"

ती सहज विचारत होती. तिला फक्त वाक्य पुरं करायचं होतं. कमलाकररावांनी बायकोकडे पाहिलं. अरुणाबाई पर्सच्या चेनशी चाळा करत होत्या. त्या मदतीला आल्या नाहीत.

"तसं नका लिहू," कमलाकरराव म्हणाले. "विचारलं नव्हतं मी. खोटं कशाला लिहायचं?"

त्यांनी शपथ घेतली आणि सही केली. अरुणाबाईंना त्यांची दया आली आणि त्याच वेळी रागही आला. दोन्ही गिळून त्यांनी कागद पर्समध्ये ठेवला.

परतीच्या बसमध्ये अरुणाबाई खिडकीपाशी बसल्या. उतरायची वेळ आली तसे कमलाकरराव म्हणाले, "कस्तुरी, स्टॉप आला."

अरुणाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अगं अरुणा," आणि त्या चटकन उठल्या.

खाली उतरल्यावर ते म्हणाले, "दोनदा हाक मारली तुला."

"ऐकू आली. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावताय."

घराकडे चालता चालता कमलाकररावांनी विचारलं, "ताई अजून त्याच नावाने हाक मारते?"

"हो. ती एकटीच राहिलीय आता मारणारी."

"मग मी तिकडे आलो की काय म्हणू?"

"अरुणाच म्हणा. तुमच्यापुरती मी तीच आहे."

त्यांनी मान हलवली. फ्लॅटच्या दारात किल्ली लावता लावता म्हणाले, "तो कागद दे, माझ्या फाइलीत ठेवतो. हरवायला नको."

"नको," अरुणाबाई म्हणाल्या. "माझ्यापाशीच राहू दे."