पुलापाशी घेतलेला श्वास

गायकवृंद चालवणाऱ्या तरुण ग्लेबने क्लावदिया अर्काद्येव्हनांकडे चहा संपवला, दोन वाट्या चेरीचा मुरंबा फस्त केला आणि मग अदबीने विषय काढला. किनेश्मा शहराच्या वाढदिवसाला त्याचा वृंद ‘गिरणी सुटल्यावर’ हे जुनं गाणं म्हणणार होता, पण छापील स्वरलिपीप्रमाणे. “वाट पाहीन मी” नंतर, “पुलापाशी”च्या आधीचा थांबा मुळात नाहीच, म्हणाला, कुणाच्या तरी चुकीने तो घुसलाय.

ते ‘कुणीतरी’ समोरच बसलं होतं. क्लावदिया अर्काद्येव्हनांनी तरुणपणी रेडिओसाठी ते गाणं पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा त्या गरोदर होत्या. पोटातल्या पोरीने नेमकी त्या ओळीला लाथ मारली आणि दम तुटला. पुन्हा ध्वनिमुद्रण करायला वेळ नव्हता. पुढे मोठमोठ्या गायिकांनी गाणं गाजवलं, नाव त्यांचं झालं. थांबा मात्र सगळ्यांनी तसाच ठेवला. लग्नात, अंगणात, बालवाडीत अख्खा देश तिथे श्वास घेई. गाण्यात क्लावदियाबाईंचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

त्या बोलल्या असत्या तर पोरगा ओशाळला असता. पण कुणापुढे हात पसरणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. तू ठरव बाबा, एवढंच म्हणाल्या.

वाढदिवसाला व्होल्गाकाठी ही गर्दी. तीच लाथ मारणारी मुलगी रिम्मा, आता स्वतः आजी झालेली, घरी चला म्हणून मागे लागली.

“ऐकूनच जाऊ,” क्लावदियाबाई म्हणाल्या. “आणि ग्लेब म्हणतो तसंच गाऊ. म्हातारी रुसली असं कुणी म्हणायला नको.”

गाणं सुरू झालं आणि नेहमीप्रमाणे सारा काठ गाऊ लागला. “वाट पाहीन मी...” वृंद तसाच पुढे निघाला आणि गर्दी थांबली. हजारो माणसं एकदम गप्प. ते पाहून वृंदातल्या बायकाही अडखळल्या. जन्माची सवय ती, जाते कुठे? ग्लेबचा हात हवेतच राहिला. त्या शांततेत एकट्या क्लावदियाबाईच “पुलापाशी” म्हणून मोकळ्या झाल्या.

शेजारी सूर्यफुलाच्या बिया सोलणाऱ्या बाईने त्यांना कोपराने ढोसलं.

“अहो आजी, घाई कसली? इथे थांबतात. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.”

रिम्मा तिला काहीतरी ठणकावणार होती. आईने तिचा हात घट्ट दाबला. आयुष्यात मिळालेल्या कुठल्याच पदकाने त्यांची छाती एवढी फुगली नव्हती.

“शिकवू दे गं तिला,” त्या म्हणाल्या.

पुढच्या कडव्याला त्या बरोबर थांबल्या. शेजारणीने मान डोलावली आणि बक्षीस म्हणून मूठभर बिया त्यांच्या हातावर ठेवल्या.