फुकटचा आरओ

आठ दिवसांपूर्वी मीराबाईंनी विजयाताईंच्या आरओमधून स्वतःच्या हाताने चार बाटल्या भरून आणल्या, आणि आज विजयाताईंनी तो आरओच त्यांना देऊन टाकला. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही असं मानण्याइतक्या मीराबाई भोळ्या नव्हत्या.

गाझियाबादच्या त्या सोसायटीत अकराव्या मजल्यावर मराठी घरं दोनच. एक संघपालचं, म्हणजे मीराबाईंच्या मुलाचं, आणि समोर एकट्या राहणाऱ्या विजया दामल्यांचं. रोज दुपारी चहा, गप्पा, टीव्ही. अलीकडे मात्र विजयाताई चहा गाळत, पण स्वतः घेत नसत. मंगळवार-शुक्रवारी भाचीकडे जाते म्हणून कुलूप लावत. आणि आता हे.

"अजून चांगला चालतो, पण मला नकोसा झालाय," एवढंच म्हणाल्या होत्या. त्यांच्या मागच्या बाल्कनीत पाण्याचे जार आले होते.

नकोसा! मीराबाईंच्या डोक्यात तो शब्द ठाण मांडून बसला. वर्ध्याजवळच्या गावात लहानपणी त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं. पुढे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पेन्शनीत निघाल्या. पण उंच धरलेला तो तांब्या काही डोळ्यांपुढून हलला नाही.

रविवारी सकाळी संघपालने मशीन ओट्यावर उघडलं. पहिला फिल्टर गढूळ, टाकीच्या तळाशी बुळबुळीत थर. मीराबाई स्टूल टाकून तपासनिसासारख्या बसल्या.

"मेम्ब्रेन तर बिल्कुल नवी आहे," संघपाल म्हणाला. मेकॅनिकने तिच्या डबीवर मार्करने तारीख लिहिली होती, दोन महिन्यांपूर्वीची.

"बघ! दोन महिन्यांपूर्वी खर्च केला आणि आता फुकट देते. का?"

"आई, यार, मिळालंय ना? तू प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधतेस."

"मी शोधत नाही. मला दिसतं."

त्याने टाकी घासली, नळ्यांतून व्हिनेगर फिरवलं, दोन फिल्टर बदलले. पहिल्या दोन टाक्या मोरीत ओतून दिल्या. तिसऱ्या टाकीचं पाणी गोड लागलं. मीराबाईंनी स्टीलचा पेला घासून लख्ख केला, काठोकाठ भरला आणि विजयाताईंना हाक मारली. आज सोक्षमोक्ष लावायचाच, मग मैत्री राहो की जावो. ती जावी असं मात्र त्यांना वाटत नव्हतं.

"तुमच्याच मशीनचं पाणी. आमच्या हातचं," त्यांनी पेला पुढे केला.

विजयाताईंनी पेल्याकडे पाहिलं, मान वळवली. "नको, मीराताई."

"नको की चालत नाही?"

विजयाताईंना कळायला एक क्षण लागला. कळलं तसा चेहरा उतरला. त्यांनी लांब बाही वर सरकवली. कोपराजवळ पांढरी पट्टी होती.

"डायलिसिस चालू आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी. भाची वगैरे कोणी नाही. दिवसभरात पाऊण लिटर पाणी, त्यातच चहा आणि आमटी. आणि हा आरओ घरात सारखा झुळझुळत असायचा हो. टाकी भरताना आवाज आला की जीव नुसता कासावीस व्हायचा. रात्रंदिवस तेच. कोणाला सांगणार? लोक कीव करतात."

मशीन ओट्यावर भरतच होतं. तो आवाज मीराबाईंना आत्ता ऐकू आला. त्यांनी उठून बटण बंद केलं.

मागे वळतात तो विजयाताईंनी पेला उचललेला.

"नका पिऊ!" मीराबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "मी... माझ्या मनात भलतंच आलं होतं. ठेवा तो."

"आलं असेल. उगाच नाही आलं," विजयाताई म्हणाल्या. "सोडा हात. दुपारचा वाटा अजून शिल्लक आहे माझा."

आणि पेला ओठांना लावून त्या सावकाश, एकेक घोट मोजत पिऊ लागल्या.