दाढी, गळ, डोळ्यांवर हात

चौकटीबाहेर

बोट धक्क्याला लागली तेव्हा सगळा गाव सामानाकडे बघत होता. पिठाची पोती, रॉकेल, छपराचे पत्रे. एकटी एक पोर तेवढी माणसांकडे बघत होती. सात-आठ वर्षांची असेल. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची, आणि मग त्याच्या मागे. उनाइसी उतरली तेव्हा तिच्याही तोंडाकडे बघितलं, चष्म्याकडे जरा जास्त वेळ, आणि मग हाताने तिला बाजूला सारून मागे. मागे रुसिआते होता, खांद्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं घेऊन.

त्याच्या मागे कोणी नव्हतं.

'हीच असणार,' रुसिआतेने मोकळ्या हाताने सांगितलं. 'तिच्यामागे पत्र्यांची चळत कोसळली, पोर वळली नाही.'

'मीही नाही वळले.'

'तू माझ्या हाकेला तरी कुठे वळतेस? एवढा देखणा आतेभाऊ असून.'

'देखणा आहेस म्हणून तर कान झाकून घेतलेत देवाने. डोळ्यांना आधीच फार सोसावं लागतं.'

आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवली नाही, तर फिजीत लोक विचारतात, काय बिनसलं? उनाइसी जन्मापासून बहिरी. राजधानी सुव्याच्या विद्यापीठातल्या बाईंसाठी ती बेटाबेटांवर फिरायची. बहिरी मुलं शोधायची, घरच्यांना शाळेचं सांगायचं, आणि एखाद्या मुलाने कुणी न शिकवता आपली आपण हातांची भाषा रचली असेल तर ती टिपून आणायची. रुसिआते ऐकणारा. तो तिचा कान, आणि तिचं तोंडही.

या बेटावरून दवाखान्याच्या नर्सबाईंनी निरोप धाडला होता: इथे एक आजोबा आहेत. म्हणतात, माझी नात हातांनी खूप बोलते, कुणी शहाणं माणूस येऊन बघा तरी.

चौकटीबाहेर, चटईवर

परवानगी मागायला यांगोनाच्या मुळांची जुडी गावप्रमुखापुढे ठेवून रुसिआते बराच वेळ बोलला. उनाइसीपर्यंत पोचलं ते असं:

'नमस्कार-चमत्कार.'

'अजून तेच चाललंय.'

'होकार मिळाला.'

मुळं कुटून पाण्यात कालवलेल्या यांगोनाची वाटी फिरली. टाळ्या कधी वाजवायच्या ते ती शेजारणीच्या तळव्यांकडे बघून ठरवत होती, त्यामुळे तिच्या टाळ्या सगळ्यांच्या किंचित मागून. एक म्हातारा काहीतरी म्हणाला आणि सगळी चटई हसून आडवी झाली.

'काय झालं?'

'काही नाही गं,' डोळे पुसत रुसिआते. 'नंतर सांगतो.'

उनाइसीचं निम्मं आयुष्य या दोन शब्दांत गेलं होतं. आई, बहिणी, पाद्रीबाबा, दुकानदार, सगळे नंतर सांगणार होते.

दारात ती पोर उभी होती, केलेरा तिचं नाव. तीही हसणाऱ्या तोंडांवरून तोंडांवर बघत होती. तिने आईच्या पाठीवर थोपटलं. आईचं नाव तितिलिया. वळूनही न बघता तिने हात मागे केला, तळवा पोरीच्या तोंडासमोर. दार लोटावं तसा.

थांब. नंतर.

चौकटीत

तितिलिया कसाव्याचे कंद सोलते आहे. केलेरा शेजारी. कॅमेरा तिकाटण्यावर, उनाइसी कॅमेऱ्यामागे. विद्यापीठातल्या बाईंचा नियम साधा होता: पहिल्या खेपेला फक्त बघायचं. आपली एकही खूण मुलाला द्यायची नाही, मुलाच्या भाषेत आपली पावलं उमटता कामा नयेत.

केलेरा बोलत होती. कोंबडीचं बोलली, शेजारच्या लंगड्या कुत्र्याचं बोलली. टोपलीत सकाळचे मासे होते, त्यांचंही. हात पालथा धरून वळवळवला: जिवंत मासा. मग हात उताणा करून तसाच पडू दिला: मेलेला. किती नेटकं! उनाइसीला हसू आलं.

मग केलेराने हनुवटीखालून बोटं ओढली, दाढी असल्यासारखी. गळ फेकला. डोळ्यांवर हात धरून दूर पाहिलं, आणि आईकडे बघत थांबली.

तितिलियाने साल सोललं.

पुन्हा: दाढी, गळ, डोळ्यांवर हात.

तितिलियाने पोरीचा हात धरून खाली ठेवला आणि त्यात एक कसावा दिला.

चौकटीत, तेच पुन्हा

दुपारी लॅपटॉपवर उनाइसीने सगळं मागेपुढे करून पाहिलं. कोंबडीच्या आधी दाढी, गळ, डोळ्यांवर हात. कुत्र्यानंतर तेच. मावशी पाणी आणते तेव्हा मावशीला तेच, आणि चौकटीच्या कडेला कुणाचे तरी नुसते पाय दिसतात, त्या पायांनाही तेच.

तिने रुसिआतेला तितिलियाकडे नेलं.

'हे काय म्हणते ती?'

'मासे मागते,' तितिलियाचे शब्द रुसिआतेच्या हातांत आले. 'खादाड आहे.'

'आणि दाढी?'

तितिलियाने लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

'बाबांना दाढी होती. माझ्या बाबांना.' मग भराभर, रुसिआतेची बोटं अडखळेपर्यंत: 'त्यांनीच तुम्हाला बोलावलं होतं. छातीत दुखलं म्हणून बोटीने सुव्याला नेलं. तिथेच गेले. तिथेच पुरलं, आणायचं कसं? मासे पकडायला दोघं एकत्र जायची. रोज.'

'तिला सांगितलंत?'

'कशात सांगू, ताई? तिला भाषा कुठे आहे?'

उनाइसीने लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

तितिलियाने मान फिरवली. 'आम्ही रडलो तिच्यासमोर. पाहिलं की तिने. कळलं असेल. शंभराव्या रात्रीचं जेवण होऊ दे. मग बघू. नंतर.'

रुसिआतेने तो शेवटचा शब्द हातांनी सांगितलाच नाही. उनाइसीने तो ओठांवर वाचला. तेवढा शब्द तिला कुठल्याही ओठांवर वाचता यायचा.

*

निळा सदरा. उनाइसी लहानपणी सुव्याच्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेतून नाताळला घरी गेली होती, तेव्हा वडिलांचा निळा सदरा काकाच्या अंगावर होता. तिने विचारलं, आईने तळवा पुढे केला. चार दिवस ती घरात वडिलांना शोधत होती. चर्चच्या आवारात नव्या सिमेंटवर त्यांचं नाव वाचेपर्यंत.

*

चौकटीबाहेर, पाण्यात

पुढल्या सकाळी गावातले लोक किनाऱ्याकडे धावताना दिसले. उनाइसीही गेली.

उथळ पाण्यात एक खांब रोवलेला असायचा, वर जुन्या चटईची पट्टी बांधलेली. कुळातलं वडीलधारं माणूस गेलं की त्याचं पाणी बंद होतं. शंभर रात्री तिथे गळ नाही, जाळं नाही. तो खांब उपटलेला होता. केलेरा गुडघाभर पाण्यातून तो ओढत होती, भूत लागल्यासारखी.

'तिसऱ्यांदा,' रुसिआतेने सांगितलं. 'लोक म्हणतात, आजोबाचा अपमान करते. ठोंब्या पोरीला कळत नाही.'

उनाइसी खांबाकडे बघत राहिली. पोरीच्या लेखी आजोबा दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी हा खांब आला. पाण्यात पाऊल टाकलं की मार. मग खांबानेच अडवलं असणार त्यांना. काढून टाकला की येतील. यात न कळण्यासारखं काय होतं?

केलेराच्या मामाने खांब हिसकावला. तितिलियाने पोरीच्या दंडावर दोन दिल्या आणि लोकांची माफी मागायला वळली. केलेरा रडली नाही. ती समोरच्या तोंडांवरून नजर फिरवत उनाइसीपाशी आली. या चष्मेवाल्या बाईला तिने हातांनी बोलताना पाहिलं होतं, दोन दिवस. तिने ओले हात वर केले.

दाढी. गळ. डोळ्यांवर हात.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला नीट बघत होतं. आणि उनाइसीच्या मनात बाईंचा नियम आला, तितिलियाची शंभरावी रात्र आली, लोक बघताहेत हे आलं. तिचा हात उठला. तळवा पुढे.

थांब. नंतर.

केलेराला लगेच समजलं. ही खूण तिला येत होती. तिने हात खाली घेतले आणि वाळूतून एकटी निघून गेली.

उनाइसीने आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजून तसाच होता, आईचा होता तसा.

चौकटीत: उनाइसी

बोट पुढची बेटं करून परत आली होती. पोती चढत होती. रुसिआते सामान बांधत म्हणाला, 'कॅमेरा दे.'

'राहू दे. चालू राहू दे. बाईंना काय ते दिसू दे.'

'काय करणार आहेस?'

'नंतर सांगते.'

तो हसला नाही.

केलेरा घराच्या पायरीवर शिंपले मांडत होती. उनाइसी समोर मांडी घालून बसली, कॅमेऱ्यात दोघी दिसतील अशी. पोरीने वर पाहिलं नाही. उनाइसीने पायरीवर तळहाताने थाप मारली; लाकूड थरथरलं, तेव्हा पाहिलं.

उनाइसीने आपली एकही खूण वापरली नाही. दाढी ओढली. गळ फेकला. मग हात पालथा धरला, वळवळवला. जिवंत. पोरीचे डोळे चमकले, तिने झपाझप मान हलवली: हो, तो, तोच, कुठे आहे?

उनाइसीने पुन्हा दाढी ओढली. आणि हात उताणा केला.

केलेरा त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि पालथा केला. बोटं हलवून पाहिली, आजारी माशाला पाण्यात ढकलावं तशी.

उनाइसीने हात पुन्हा उताणा होऊ दिला.

पोरीने पालथा केला. रागाने, नखं रुतवून.

तो उताणा झाला.

शिंपले उधळले गेले. केलेराने तिच्या छातीवर बुक्क्या मारल्या, चष्मा उडाला. उनाइसीने हात काढून घेतला नाही. शेवटी पोरीने तो धरला तेव्हा उलटवला नाही, नुसता धरून ठेवला, वर तोंड करून पडलेला.

दारात तितिलिया उभी होती. केव्हापासून कोण जाणे. ती खाली बसली. तिने हनुवटीवरून बोटं ओढली, चुकीची, फार वरून, मिशी असल्यासारखी. केलेराने तिचा हात धरून खाली आणला: इथून. मग तितिलियाने हात पालथा धरला, आणि उताणा केला, आणि तिचा बांध फुटला.

दोघी एकमेकींच्या कुशीत शिरल्या. उनाइसीने चाचपडत चष्मा शोधला. तो घातला तेव्हा दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

तिने कॅमेरा बंद केला.

चौकटीबाहेर

बोटीच्या कठड्यापाशी ती एकटीच उभी होती. रुसिआते खलाशांशी बोलत होता, हात खिशात घालून.

धक्क्यावर तितिलिया आणि केलेरा. केलेराने आज उतरणाऱ्या एकाही तोंडाकडे पाहिलं नव्हतं, असं रुसिआतेने मघाशी सांगितलं. खांब पुन्हा रोवलेला होता. पट्टी केलेराने स्वतः बांधली, हेही.

दोर सुटला. तितिलियाने ओरडून काहीतरी विचारलं. रुसिआतेने कठड्यापाशी येऊन उत्तर दिलं.

'काय म्हणाली?' उनाइसीने त्याला कोपराने ढोसलं.

त्याने या वेळी खिशातून हात काढले. 'ती म्हणाली, पोर हातांनी काय सांगते आहे? मी म्हटलं, तिलाच विचार बाई, तुझ्या शेजारीच उभी आहे.'

उनाइसीने पाहिलं. केलेराने डोळ्यांभोवती दोन्ही हातांची गोल बोटं धरली होती. चष्मा. मग होडी. मग डोळ्यांवर हात.

चष्मेवाली. बोट. कधी?

बाई ते चित्रीकरण बघणार होत्या. पुढच्या खेपेला कुणाला पाठवतील, पाठवतील की नाही, उनाइसीला माहीत नव्हतं. बोट दर वेळी येणार, आणि धक्क्यावर एक पोर तोंडांकडे बघणार, आणि मग त्यांच्या मागे. हे मात्र आता पक्कं होतं. तिनेच केलं होतं ते.

तिचा तळवा पुढे येऊ लागला. तिने तो अडवला. मग हात पालथा केला आणि कठड्यावर उंच धरून वळवळवला, जितका वेळ दिसेल तितका वेळ.

जिवंत आहे. एवढंच सांगता येत होतं.

धक्क्यावरची पोर लहान होत गेली. तिचा हात वर होता, पण तो पालथा होता की डोळ्यांवर, ते इतक्या लांबून उनाइसीला दिसेना.