उड्या मारणाऱ्या गांडुळांचा पहिला नंबर

आमच्या कॉलनीच्या बाग समितीने गांडुळांची स्पर्धा ठेवली. हो, गांडुळांची! ज्याच्या मातीतली गांडुळं जास्त चपळ, त्याला बक्षीस, आणि ती माती रविवारी कॉलनीमागच्या झाडीत पसरायची. शाळेत 'गांडूळ शेतकऱ्याचा मित्र' असं पाठ केलेलं, तेवढ्या भांडवलावर सगळे तज्ज्ञ झाले होते.

मी तडक समितीच्या अध्यक्षांचं दार वाजवलं. "अहो, ही उड्या मारणारी गांडुळं इथली नव्हेत. विकतच्या कुंड्यांतून आलीत. झाडीतला सगळा पालापाचोळा फस्त करतील. खाली उरेल नुसता कॉफीच्या चोथ्यासारखा भुगा. त्यात बी कसं रुजणार?"

"वहिनी, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," अध्यक्ष म्हणाले. "इवलासा जीव तो. खाऊन खाऊन किती खाणार?"

"मग तुमच्या कपाटात इवलीशी वाळवी सोडू का?"

त्यांना एकदम खोकला आला.

माझा सगळा जीव त्या झाडीत. तिथल्याच बिया वेचून मी अंगणातल्या वाफ्यात रोपं वाढवली होती. कित्येक वर्षं पोरांसारखी जपली. तीही रविवारीच झाडीत लावायची होती. म्हणून मी अख्ख्या समितीला घरी बोलावलं. म्हटलं, निरोगी माती कशी असते ते एकदा डोळ्यांनी बघा.

मोहरीची पूड कालवलेलं पाणी ओतलं की ते अंगाला झोंबून गांडुळं वर येतात, रोपांना काही होत नाही. मी ऐटीत बादली वाफ्यात रिकामी केली. "आता बघा. आली तर दोन-चार सुस्त, शहाणी गांडुळं येतील."

माती हलली. एक गांडूळ सापासारखं वळवळत उसळलं. मग दुसरं. मग सगळा वाफाच उसळायला लागला. एकाने तर अध्यक्षांच्या बुटावर उडी घेतली.

"व्वा! पहिला नंबर!" अध्यक्षांनी टाळ्या पिटल्या. "वहिनी, एवढा माल लपवून ठेवलात होय?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कौतुकाने हसत होता. "शेजारच्या काकांचं गांडूळखत घातलं गं मी, दोन पोती. तू रोपांसाठी एवढी राबतेस. म्हटलं, तुला न सांगता जरा मदत करावी."

काय बोलणार या माणसाला? मी जगाला शहाणपण शिकवत होते आणि हीच घाण स्वतःच्या हातांनी झाडीत नेऊन पुरणार होते. मुळं धुऊनही भागणार नव्हतं. या गांडुळांची अंडी मोहरीएवढी, मुळांत अडकली की दिसतही नाहीत.

मी खाली बसले आणि पहिलं रोप उपटलं. मग दुसरं. टाळ्या थांबल्या.

"वहिनी, अहो, हे काय करताय?" अध्यक्षांचा आवाज खाली आला. "खरंच एवढं वाईट आहे का ते?"

"मग काय हौसेने उपटतेय?" मी ओरडले. माझा आवाज फाटला.

अध्यक्ष म्हणाले, "झाडीत काही न्यायचं नाही. कुणाचंच नाही." आणि सगळे खाली माना घालून गेले.

आम्ही दोघांनी रोपांचा ढीग वाफ्यातच रचला आणि वर प्लास्टिक अंथरलं, उन्हाने आतली अंडी मरावीत म्हणून. कोपऱ्यांवर विटा ठेवता ठेवता नवऱ्याचे डोळे भरून आले. तो वाफ्यातून माझ्याकडे यायला निघाला.

"तिथेच थांब. आधी बूट धू," मी म्हणाले. "मग दोघं मिळून रडू."