सात नंबरची पूजा

आमच्या दीनानाथ साहेबांचं गणित सोपं: सात मोठे, चार छोटे. अंबरनाथ एमआयडीसीत रंगाची फॅक्टरी चालवायला तेवढं पुरत असावं.

फॅक्टरीचे कॉम्प्युटर मी सांभाळायचे. नवा सर्व्हर आला. गेटवरून टेम्पो सोडायचे पास त्याच्यावर निघणार होते. मी म्हटलं, "सर्व्हर चालवायला चार नंबरचं लिनक्स टाकू. जुनं आहे, पण पक्कं." तेवढ्यात साहेबांचा पुतण्या गंधार मासिकातली फुकट सीडी नाचवत आला. "काका, हे सात आहे. एकदम लेटेस्ट!"

"सर, ती दोन वेगळी लिनक्स आहेत. सातवा मजला मोठा की चौथी इयत्ता?"

साहेब उखडले. "यशोधरा, खंडेनवमीला शिळं पूजायचं? सातच टाक."

टाकलं. माझ्या बापाचं काय जातंय! पण खंडेनवमीच्याच संध्याकाळी कल्याणहून आईला नागपूरला न्यायचं होतं, दीक्षाभूमीवर. दर दसऱ्याला माझी ड्युटी आडवी यायची. तिचे गुडघे आता पुढल्या वर्षाची हमी देत नव्हते.

खंडेनवमीच्या सकाळी गंधारने लेटेस्टला अजून लेटेस्ट करायला अपडेट मारलं. सर्व्हर आडवा! गेटवर टेम्पोवाले बोंबलायला लागले, "मॅडम, पास किधर है?"

साहेब म्हणाले, "चालू होईपर्यंत हलायचं नाही. नागपूर काय पळून जातंय?"

नागपूर नाही हो, माझी आई थकतेय! संतापाने रडूच आलं मला.

सगळे पूजेच्या तयारीत असताना मी नव्या डब्याची नेटवर्कची वायर काढली आणि टेबलाखालच्या जुन्या मशीनला लावली. त्यात चार नंबर केव्हाच टाकून ठेवलं होतं. पास धडाधड निघाले. नवा डबा नुसताच दिवे लुकलुकवत बसला. साहेबांनी त्याला झेंडूचा हार घातला, गंधारला पेढा भरवला आणि मला म्हणाले, "बघितलंस? नवं ते नवंच! जा आता."

दीक्षाभूमीवर आई स्तूपासमोर हात जोडून कितीतरी वेळ उभी होती. मी तिला घाई केली नाही. फोन एकदाही वाजला नाही.

परत आले तर गंधार सिस्टम हेड! साहेब गोड हसून म्हणाले, "सात आल्यापासून काही बिघडतच नाही बघ. मग तुझी गरज काय?"

खरंच की! निघताना मी वायर काढून इमानदारीत परत सातला लावली. पूजलेली वस्तू रिकामी ठेवू नये म्हणतात.